कोमट पाण्याचा पत्ता

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या नद्यांमध्ये आणि किनाऱ्यालगत राहणारी मॅनेटी ही सागरी गाय, आपल्याकडे मन्नारच्या आखातात व पाल्कच्या उपसागरात आढळणाऱ्या डुगाँगची नातलग आहे. पूर्ण वाढलेली मॅनेटी सहज साडेचारशे किलो भरते. एवढा देह पाहून थंडी तिला काय करणार, असे वाटते. परंतु सीलसारखा चरबीचा जाड थर तिच्या कातडीखाली नसतो, चयापचयही मंद असतो, आणि पाणी बराच काळ २० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर ती आजारी पडून दगावते. म्हणून हिवाळा लागताच मॅनेटी भूजलाच्या झऱ्यांकडे किंवा वीजकेंद्रांतून बाहेर सोडलेल्या ऊन पाण्याकडे निघतात. ब्लू स्प्रिंग या झऱ्याचे पाणी बाराही महिने २२-२३ अंशांच्या आसपास असते. थंडीच्या दिवसांत आपल्या विहिरीचे पाणी सकाळी कोमट लागते, त्यामागचे कारणही हेच: जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही.

हा कोमट पाण्याचा पत्ता पिलाला आईकडून मिळतो. पिलू तिच्याबरोबर सुमारे दोन वर्षांपर्यंत राहते आणि त्या काळात चरण्याच्या जागा व हिवाळ्यातील आसरे शिकून घेते. जखमी व अनाथ मॅनेटींना उपचारकेंद्रात आणून पुढे परत पाण्यात सोडतात, तेव्हा हे ज्ञान महत्त्वाचे ठरते. बोटीच्या पंख्याने जखमी झालेला प्रौढ प्राणी उपचारांनंतर जिथून आणला त्याच परिसरात सोडला की बहुधा आपल्या जुन्या वाटांना लागतो. खरी अडचण असते ती अनाथ पिलांची. बाटलीने दूध आणि पुढे लेट्यूसची पाने खाऊन ती वाढतात, साधारण २७० किलोंची झाली की सोडण्यायोग्य मानली जातात. मात्र अंगात बळ आले तरी वाटांचे ज्ञान त्यांच्यापाशी नसते. त्यामुळे अशा प्राण्यांना मुद्दाम थंडीत, आणि तेही रानटी मॅनेटी जमलेल्या कोमट पाण्यात सोडतात. ऐकताना हे निर्दयपणाचे वाटेल, पण उन्हाळ्यात सोडलेला प्राणी कुठेही भटकतो आणि पहिल्याच गारठ्यात सापडतो. थंडीत सोडलेल्याला निदान जाणत्या सोबत्यांच्या मागे जाता येते.

तो खरोखर त्यांच्या मागे गेला का, हे पाहण्यासाठी शेपटीच्या मुळाशी एक पट्टा बांधतात. पट्ट्याला लवचीक दांडी आणि तिच्या टोकाला तरंगणारी नळकांडी असते, तिच्यात जीपीएस व प्रेषक बसवलेले असतात. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून फारशा जात नाहीत, म्हणून ही नळकांडी पृष्ठभागावर आल्यावरच उपग्रहाशी संपर्क होतो. दांडीचा एक सांधा हेतुपुरस्सर कच्चा ठेवलेला असतो: ती मुळांत वा दोरखंडांत अडकली तर सांधा तुटतो आणि प्राणी सुटतो. या सबंध यंत्रणेतला हा कच्चा सांधा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

नकाशावरचे ठिपके प्राणी कुठे आहे ते सांगतात, कसा आहे ते सांगत नाहीत. म्हणून पथके बोटीने जाऊन त्याला डोळ्यांनी पाहतात. डोक्यामागचा भाग खोल गेलेला दिसला तर तो उपाशी आहे, हे कळते. मधूनमधून त्याला पकडून वजन व रक्त तपासतात, आणि निभाव लागत नसेल तर परत उपचारकेंद्रात आणतात. निदान एक हिवाळा त्याने स्वतःच्या बळावर काढल्याशिवाय त्याची सुटका यशस्वी झाली, असे कोणी जाणता म्हणत नाही.

अर्थात पत्ता ठाऊक असूनही उपाशी मरण्याची वेळ येते, हे २०२१ साली दिसले. सांडपाणी व खतांतील पोषकद्रव्यांमुळे फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील इंडियन रिव्हर लगून या उथळ खाडीत शैवाल माजले, प्रकाश न मिळाल्याने तळाचे समुद्रगवत मेले, आणि फ्लोरिडात त्या एका वर्षात सुमारे १,१०० मॅनेटी मरण पावल्या. पुढच्या हिवाळ्यात रानटी प्राण्यांनाच लेट्यूस टाकण्याची पाळी आली.

पट्टा कायमचा नसतो; काम संपले की काढतात किंवा तो आपोआप गळून पडतो. त्यानंतर ओळख पटवण्याचे मुख्य साधन उरते ते पाठीवरचे व्रण. बोटींच्या पंख्यांनी पाडलेल्या या व्रणांच्या छायाचित्रांचा संग्रह संशोधकांनी अनेक दशके जपला आहे आणि त्यावरून कोणती मादी कोणत्या वर्षी पिलासह कोठे दिसली, हे सांगता येते. जिला बोटीची धडक कधीच बसलेली नाही, ती मात्र या संग्रहात बहुधा सापडत नाही.