47 फोटो काढले अन् कामाची गोष्टच विसरलो

मागच्या खरिपाआधी जळगावला कपाशीच्या ट्रेनिंगला गेलो होतो, गुलाबी बोंडअळीवर होतं. निम्मा हॉल मोबाइल वर करून स्लाइडचे फोटो काढून राहिला होता, मीही त्यातलाच, एकूण 47. शेजारी गावचे आप्पा फुकटच्या डायरीत काहीतरी खरडत होते, मला हसू आलं. दुपारी वरण-बट्टी हाणली, घरी आलो, फोटो अजून गॅलरीत तसेच पडलेत.

ऑगस्टमध्ये कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा) एका सकाळी बोंडअळीचे 9 पतंग दिसले. डोक्यात '8 पतंग' एवढंच होतं, म्हणून लगेच पंप काढला. आप्पा म्हणे, "थांब रे भो, सलग 3 रात्री 8 भरले तर फवारायचं." त्यांच्या डायरीत एवढंच लिहिलेलं, '8, 3 रात्री'.

मग जरा वाचत बसलो. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये छापलं की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच जातं. त्याने निरर्थक अक्षरं पाठ केली होती, त्यामुळे बोंडअळी एवढ्या झटपट विसरत नाही म्हणा, पण उतार तसाच असतो.

अन् फोटोचं तर वेगळंच. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी म्युझियममध्ये लोकांना फिरवलं अन् 2014 मध्ये छापलं की ज्या वस्तूचा पूर्ण फोटो काढला ती नुसत्या बघितलेल्या वस्तूपेक्षा कमी आठवली. गंमत म्हणजे झूम करून एकच भाग टिपला तर हा तोटा दिसला नाही. म्हणजे कॅमेऱ्यावर सोडून दिलं की डोकं सुट्टीवर जातं, काय घ्यायचं ते निवडलं की जागं राहतं, असं मला तरी वाटतं.

वहीत लिहिताना हेच निवडणं घडतं, कारण बोलणारा मिनिटाला शंभरावर शब्द सहज बोलतो अन् आपला हात वीस-पंचवीसवर दमतो, मग निवडावंच लागतं. 2014 च्याच एका अभ्यासात लॅपटॉपवर टाइप करणारे शब्दन् शब्द उतरवत बसले आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडले. पण 2021 मध्ये तोच प्रयोग परत केला तर हाताने लिहिणाऱ्यांचा फायदा दिसला नाही, तेव्हा पेनचीच पूजा करायची गरज नाही.

येताना एसटीत आप्पांनी डायरी मिटून विचारलं होतं, "काय काय सांगितलं रे त्यांनी?" मला वाटलं म्हातारा टाइमपास करतोय. पण रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात, आठवड्याने मात्र न बघता आठवून पाहणारे पुढे जातात.

यंदा मीही डायरी नेली. घरी येऊन उघडली तर एका पानावर 'हे लय महत्त्वाचं' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या, काय महत्त्वाचं तेच लिहायचं राहिलं.