स्मृतिसंग्रह, सैनिक-कलाकाराचा

सैन्यसेवेत असताना तरुणपणी मृत्यू आलेल्या कलाकाराचे काम गोळा करून, त्याची नोंद करून ते टिकवण्याची पद्धत. असे काम मुळातच थोडे असते : दोन-चार चित्रवह्या, सुटे कागद, पत्रांच्या कडेने काढलेली रेखाटने आणि आता फोनमधल्या फाइली. त्यात नवी भर पडणार नसते, म्हणून एकेका पानाला मोल येते. या कामाची सर्वांत मोठी हानी बहुधा पहिल्याच वर्षात आणि मायेच्या हातांनीच होते.

फ्रान्सच्या बाजूने लढताना ५ जून १९१५ रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी मारला गेलेला शिल्पकार आँरी गोदिए-ब्रझेस्का याने खंदकात शत्रूच्या बंदुकीच्या दस्त्यावर कोरीवकाम केले होते. ते आज त्याच्या लिखाणातूनच माहीत आहे. हरवलेल्या कामांची नोंदही संग्रहात असावी ती यासाठीच. फ्रान्समधील व्हर्दनजवळ ४ मार्च १९१६ रोजी पडलेल्या जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कची युद्धभूमीवरची वही मात्र राहिली. तीत पेन्सिलीची ३६ रेखाटने आहेत. जपानमध्ये नागानो प्रांतातील उएदा येथे १९९७ मध्ये मुगोनकान, म्हणजे ‘निःशब्द संग्रहालय’, उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या कलाविद्यार्थ्यांची चित्रे तेथे आहेत. संग्रहालयाचे संस्थापक कुबोशिमा सेइचिरो आणि चित्रकार नोमियामा ग्योजी यांनी ती घरोघरच्या कुटुंबांना भेटून जमवली.

सैन्याकडून मृताचे सामान घरी आल्यावर पहिले काम त्यासोबतच्या यादीचे. यादीत ‘वह्या – ३’ एवढेच लिहिले असेल, तर सही करण्याआधी प्रत्येक वहीची पाने मोजून तो आकडा तीत घालून घ्यावा. ठाणी, शस्त्रे किंवा नकाशे यांची रेखाटने सुरक्षेच्या कारणाने राखून ठेवली जाऊ शकतात. त्यांची लेखी पोच मागावी. त्यानंतर काहीही नीटनेटके करू नये. कोणता कागद कोणत्या वहीत, कोणत्या पाकिटात होता, यावरूनच पुढे तारखा लागतात, म्हणून सगळे आहे तसे ठेवून आधी छायाचित्रे घ्यावीत. आठवण म्हणून नातलगांना एकेक मूळ पान फाडून देण्याचा मोह अनावर असतो. एकदा विखुरलेली वही पुन्हा जुळत नाही. द्यायची ती उत्तम छापील प्रत.

लॅमिनेशन कधीही करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक चित्राला इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. लोखंडी टाचण्या आणि क्लिपा गंजतात, त्या अलगद काढाव्यात. कोळसा व खडूची चित्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत, कारण प्लॅस्टिकवरचा स्थिर विद्युतभार रंगाची भुकटी ओढून घेतो. आम्लमुक्त कागदाची घडी, मध्ये आम्लमुक्त टिश्यू आणि आडवी ठेवलेली पेटी एवढे बहुतेक चित्रांना पुरते. तापमान १८ ते २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. ६५ टक्क्यांच्या वर बुरशीचा धोका वाढतो. बाहेरच्या भिंतीला लागून किंवा माळ्यावर पेटी ठेवू नये.

प्रत्येक चित्राला द्यायचा क्रमांक साधा असावा : ‘व३-१७ब’ म्हणजे तिसरी वही, सतरावे पान, मागची बाजू. सुट्या कागदावर तो मागे, खालच्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलीने न दाबता लिहावा, पेनने नाही. सोबत उंची × रुंदी सेंटिमीटरमध्ये, माध्यम, सही, तारीख, पानावरचा मजकूर आणि ते कोणाकडून आले हे टिपावे. कलाकाराने नाव दिले नसेल तर नोंद करणाऱ्याने दिलेले नाव चौकोनी कंसात घालावे. अंदाजाने ठरवलेल्या तारखेआधी ‘सुमारे’ लिहावे.

सुटी चित्रे इंचाला ६०० बिंदू या घनतेने स्कॅन करून टिफ (तपशील न गमावता चित्र साठवणारी फाइल) स्वरूपात ठेवावीत. ए-४ आकाराची रंगीत फाइल साधारण १०० एमबीची होते. वही मात्र काचेवर दाबू नये, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना आधार देऊन ती अर्धवट उघडावी आणि वरून छायाचित्र घ्यावे. कोरी पानेही सोडू नयेत. बाजूने तिरका प्रकाश टाकला की फाडून टाकलेल्या आधीच्या पानावरच्या रेघांचा दाब तेथे दिसतो, आणि कधी कधी हरवलेल्या चित्राचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. फाइलींच्या तीन प्रती कराव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

मृताचा मोबाइल क्रमांक घाईने बंद करू नये. अनेक खात्यांचे पडताळणी-संदेश त्याच क्रमांकावर येतात. टॅबलेटवरच्या चित्रांची थरांसह (लेअर) मूळ फाइल जपावी, कारण चित्र कसे घडत गेले हे तीतच दिसते. संदेश-अ‍ॅपमधून पाठवलेली प्रत बहुधा आक्रसते आणि तिच्यातली तारखेची माहिती गळून पडते.

प्रदर्शनात कागदावरील चित्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) जास्त प्रकाश नसावा. तीन महिन्यांनंतर ती पुन्हा अंधारात ठेवावीत. बॉलपेन आणि स्केचपेनची शाई फार लवकर उडते, तेथे प्रतच लावावी. दिवाणखान्यात उन्हासमोर लावलेले जलरंगचित्र काही वर्षांतच फिके पडते.

चित्रांसोबतचा मजकूर लिहिताना मृत्यूचे कारण होते तसेच लिहावे. ‘वीरगती’ हा शब्द लढाईतल्या मृत्यूचा आहे. सेवाकाळातले अनेक मृत्यू अपघाताने, आजाराने किंवा आत्महत्येने होतात आणि त्यांनी कामाचे मोल कमी होत नाही. उंबेर्तो बोच्चोनी हा इटालियन कलाकार १९१६ मध्ये लष्करी सरावात घोड्यावरून पडून गेला. प्रत्येक चित्रात मृत्यूची चाहूल शोधणेही टाळावे. विसाव्या वर्षी काढलेला अंधारा डोंगर बहुतेक वेळा अंधारा डोंगरच असतो.

अर्धवट चित्र दुसऱ्या कोणाकडून पूर्ण करून घेऊ नये. कच्ची, फसलेली रेखाटनेही काढून टाकू नयेत. हात कसा तयार होत गेला ते त्यांतूनच कळते. प्रकाशनाचे हक्क सामान्यतः वारसांकडे जातात, पण हुकमावरून केलेल्या कामाचे हक्क सैन्याकडे असू शकतात. वारस एकापेक्षा अधिक असतील तर परवानगी कोण देणार, हे सुरुवातीलाच लेखी ठरवावे.

समाधीवर जागा थोडी असते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धसमाधींवर कुटुंबाला ६६ अक्षरांपर्यंतचाच मजकूर देता येई. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकलेला आयझॅक रोझेनबर्ग १ एप्रिल १९१८ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी मारला गेला. त्याच्या दगडावर ‘कलाकार आणि कवी’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.