हेदरच्या माळावरचं गोल्फ : सरेच्या नापीक जमिनीची गोष्ट

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे आणि बर्कशर परगण्यांत, गोल्फची काही मैदानं आहेत. सनिंगडेल, वोकिंग, स्विन्ली फॉरेस्ट, सेंट जॉर्जेस हिल ही त्यांतली ठळक नावं. त्यांना हीथलँड, म्हणजे हेदरच्या माळावरची, मैदानं म्हणतात. ऑगस्टमध्ये तिथे फेअरवेच्या (चेंडू मारत पुढे न्यायच्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या) दोन्ही अंगांना हेदरची जांभळी झुडपं फुलतात आणि बघणाऱ्याला वाटतं, निसर्गानेच हे सगळं खेळासाठी मांडून ठेवलंय. प्रत्यक्षात हा माळ माणसाच्या कष्टातून तयार झालेला आहे, आणि ते कष्ट गोल्फ खेळणाऱ्यांचे नव्हते.

या भागाखाली बॅगशॉटची वाळू आहे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राने आणून टाकलेली. कांस्ययुगातल्या शेतकऱ्यांनी तिच्यावरचं जंगल तोडलं. मग पावसाने जमिनीतला कस खाली वाहून नेला, माती आंबट झाली आणि तिच्यात हेदर, गॉर्सची काटेरी झुडपं आणि ब्रॅकन नावाचं नेचं एवढंच टिकलं. पुढे शेकडो वर्षं आसपासच्या गावांतले गरीब लोक या माळावर गुरं चारत, चुलीसाठी गॉर्स आणि मातीची ढेपं कापून नेत. मालकी जमीनदाराची आणि चराईचा हक्क गावाचा, अशी ही जमीन, बरीचशी आपल्या गायरानासारखी. रोज चराई आणि तोड होत राहिल्यामुळे तिथे झाड कधी वाढलंच नाही. 18व्या शतकात ‘रॉबिन्सन क्रूसो’कार डॅनिएल डीफोला बॅगशॉटचा माळ निव्वळ ओसाड वाटला होता. वाटमाऱ्यांसाठीही तो बदनाम होता.

जमीन कवडीमोल होती, म्हणूनच तिच्याकडे लक्ष गेलं. 1854 साली ऑल्डरशॉटला लष्कराची छावणी आली. त्याच वर्षी वोकिंगजवळ ब्रुकवूडची प्रचंड दफनभूमी सुरू झाली. लंडनमधल्या दफनभूमी भरून वाहू लागल्या होत्या, म्हणून मृतदेह घेऊन जाणारी खास रेल्वेगाडी तिथवर जायची. ब्रुकवूडमध्ये पारशी समाजाची स्वतंत्र जागा आहे. जमशेदजी टाटा आणि त्यांचे मुलगे दोराबजी व रतनजी तिथेच विसावले आहेत. गोल्फसाठी वोकिंगला जाणाऱ्या मराठी माणसाने तिकडेही पाय वळवावेत, असं मनापासून वाटतं.

गोल्फ तोवर समुद्रकाठचं होतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या वाळूत पाणी झिरपून जातं, गवत आखूड आणि घट्ट राहतं, चेंडू पडल्यावर पळतो. लंडनच्या चिकणमातीत मात्र हिवाळाभर चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. 1893 साली लंडनच्या काही बॅरिस्टरांनी वोकिंगच्या हेदरमध्ये मैदान काढलं. टॉम डनने आखणी केली. इथेही खाली वाळू होती आणि पाणी तसंच झिरपत होतं. आडरानातही किनाऱ्यासारखं गोल्फ होऊ शकतं, हे इंग्लंडला त्या मैदानाने दाखवलं. (आपल्या मुंबईत 1842 सालीच गोल्फ क्लब निघाला होता. लंडनकर या माळाकडे वळले ते त्यानंतर अर्ध्या शतकाने.)

वोकिंगच्या चौथ्या होलवर, म्हणजे मैदानाच्या चौथ्या टप्प्यावर, थोडं थांबायला हवं. उजवीकडे रेल्वेमार्ग आहे. नव्या शतकाच्या सुरुवातीला स्टुअर्ट पेटन आणि जॉन लो या दोन सभासदांनी फेअरवेच्या ऐन मध्यावर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, खणला. तोवरची समजूत अशी की बंकर वाईट फटक्याला शिक्षा देण्यासाठी असतो. इथे तर सरळ, चांगला फटकाच वाळूत जायचा, त्यामुळे सभासद संतापले. पण बंकर काय सांगतोय ते पाहा. डावीकडून गेलात तर सुरक्षित, पण तिथून ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडू थांबवणं अवघड. बंकर आणि रूळ यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात चेंडू ठेवलात तर पुढचा फटका सोपा. म्हणजे खेळाडूने मारण्याआधी विचार करायचा. टॉम सिम्पसन नावाचा एक तरुण हा बंकर रागाने बघायला गेला आणि मत बदलून परतला. पुढे तो स्वतः नामांकित मैदान-रचनाकार झाला. आधुनिक गोल्फ मैदानाची कल्पना या एका खड्ड्याशेजारी वयात आली, असं माझं मत आहे.

त्यानंतर घडामोडी झपाट्याने झाल्या. 1901 साली ब्रिटिश ओपन स्पर्धेचा दोनदा विजेता विली पार्क धाकटा याने आखलेलं सनिंगडेल खुलं झालं. जमीन केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजची होती. तिथला पहिला सेक्रेटरी हॅरी कोल्ट, पेशाने वकील. त्याने पुढे स्विन्ली फॉरेस्ट, सेंट जॉर्जेस हिल, वेंटवर्थ आखलं. 1904 मध्ये हर्बर्ट फाउलरचं वॉल्टन हीथ आलं आणि जेम्स ब्रेड तिथे 1950 पर्यंत व्यावसायिक प्रशिक्षक होता. वॉल्टन हीथवर राजकारण्यांची वर्दळ असे. अर्थमंत्री लॉइड जॉर्जसाठी जवळच घर बांधलं जात होतं. फेब्रुवारी 1913 मध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी त्यात बाँब उडवला आणि त्या प्रकरणी त्यांच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्टना तीन वर्षांची शिक्षा झाली. सनिंगडेलला 1926 साली ओपनच्या पात्रता फेरीत अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सने 66 फटक्यांची फेरी खेळली. पहिल्या नऊ होलांत 33, पुढच्या नऊंत 33, आणि एकूण फटक्यांत पट (ग्रीनवरचे हलके फटके) हेही 33. त्याच जोन्सने पुढे अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल मैदानाच्या आखणीसाठी ॲलिस्टर मॅकेंझीला सोबत घेतलं. मॅकेंझीची सुरुवात लीड्सजवळच्या ऑलवुडली या हेदरच्याच मैदानावर झाली होती.

खेळणाऱ्याला हेदर आधी हाताला कळतं. दिसायला मऊ, पण देठ लाकडी. चेंडू आत बसला की फटका मारताना ते देठ क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, मानेला वेढतात, क्लबचं तोंड मिटतं आणि चेंडू डावीकडे दोन-चार पावलांवर पुन्हा हेदरमध्येच जातो. जाणता खेळाडू ग्रीनचा हट्ट सोडतो, वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) घेतो आणि जवळच्या बाजूने फेअरवेवर येतो.

पण माळाचं काय झालं? गावकऱ्यांची चराई थांबली, सरपणाऐवजी कोळसा आला. 1953 पासून मिक्झोमॅटोसिसच्या साथीत ससेही मेले. कुणीच कुरतडेना, तेव्हा बर्च आणि पाइन उगवले. इंग्लंडमधल्या 1800 सालच्या सखल भागातल्या हेदरच्या माळापैकी आज जेमतेम सहावा हिस्सा उरला आहे. बाकीचा शेती, वनीकरण आणि घरांखाली गेला. गोल्फ क्लबांनी आपल्या ताब्यातल्या जमिनीवर घरं येऊ दिली नाहीत, हे त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. डार्टफर्ड वॉर्बलर हा छोटा पक्षी 1962-63च्या कडक हिवाळ्यात दहा-अकरा जोड्यांवर आला होता. त्याला आसरा लागतो तो अशाच हेदर-गॉर्सचा.

आता क्लबांना गावकऱ्यांचं जुनं काम स्वतः करावं लागतंय. हिवाळ्यात पाइन पाडायचे, बर्चची रोपं उपटायची, काही पट्ट्यांत मातीचा वरचा कुजट थर खरवडून काढायचा. हेदरचं बी मातीत कित्येक दशकं जिवंत राहतं आणि ऊन लागलं की उगवतं. झाडं तोडायला अनेक सभासदांचा विरोध असतो, कारण त्यांनी मैदान पाहिलं तेच झाडांसकट. सुरुवातीच्या वर्षांतले फोटो त्यांना दाखवावे लागतात. त्यांत फेअरवेच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत उघडा माळ दिसतो.