काळ्या वाळूतलं टायटॅनियम आणि आंबापोळीसारखी नळी

रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर चाललात की पायाला काळी वाळू चिकटते, तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. टायटॅनियमचा शोधसुद्धा काळ्या वाळूतच लागला, १७९१ साली, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, विल्यम ग्रेगर या पाद्रीला.

आता याच धातूचं पांढरं ऑक्साइड घ्या, भिंतीच्या रंगात असतं ते. ते कॉस्टिक सोड्याच्या कडक पाण्यात ११० अंशाला २० तास ठेवलं की पोकळ नळ्या तयार होतात, जेमतेम ८ नॅनोमीटर जाडीच्या, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! जपानच्या कासुगा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे दाखवलं.

नळी होते कशी? सोड्यामुळे ऑक्साइडचे पातळ पापुद्रे सुटतात आणि आपण वाळलेली आंबापोळी गुंडाळतो तसे ते गुंडाळले जातात. मायक्रोस्कोपखाली काही नळ्यांच्या एका बाजूला चार थर दिसतात आणि दुसऱ्या बाजूला तीनच, गुंडाळी असल्याशिवाय असं होणार नाही.

सगळे नळीच्या पोकळीचं कौतुक करतात, पण मला विचाराल तर खरी गंमत दोन थरांमधल्या फटीत आहे. ती फट एका नॅनोमीटरपेक्षाही कमी, तिच्यात पाणी आणि सोडियम बसलेलं असतं, अ‍ॅसिडने धुतलं की सोडियम निघून त्याच्या जागी प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन भार असलेले कण येतात, आणि मग हे प्रोटॉन पाण्याच्या रेणूंवरून पुढे सरकतात. होडीतून मासळीच्या पाट्या हातोहात किनाऱ्यावर येतात ना, माणसं जागच्या जागी आणि पाटी पुढे, तसंच, फक्त इथे प्रत्येक रेणू एक प्रोटॉन घेतो आणि स्वतःकडचा दुसराच पुढे देतो. म्हणून हवेत दमटपणा वाढला की या नळ्यांमधून प्रोटॉन जास्त सहज वाहतात, आपल्याकडे जुलैत डब्यातलं मीठ पाणी धरतं तसं याही पाणी धरतात.

उष्णता मात्र घात करते. आधी वरवरचं पाणी उडतं, मग फटीतलं, थर जवळ येतात, प्रोटॉनची वाट बंद होते. ४०० ते ५०० अंशापर्यंत तर नळीच मोडते आणि अ‍ॅनाटेज नावाचे साधे टायटॅनियम ऑक्साइडचे कण उरतात. सोडियम आत राहू दिलं तर नळी जास्त उष्णता सोसते, पण मग प्रोटॉन कमी! फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारं साधन, त्यात प्रोटॉन पलीकडे नेणारा नॅफिऑन नावाच्या प्लास्टिकचा पडदा असतो, तो ८० अंशाच्या पुढे सुकायला लागतो, म्हणून त्यात या नळ्या मिसळून पाहतात, त्यांच्या फटीतलं पाणी इतक्या लवकर सुटत नाही.