रेघ पुसट झाली किंवा उमटली नाही, तर दूध अडवायचं

दूध उकळलं की त्यातलं सगळं मरतं, हा समज जंतूंपुरता बराचसा खरा आहे. बुरशीचं विष मुळात जिवंतच नसतं. मका, पेंड, सरकी ओलसर राहिली की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी त्यांत अफ्लाटॉक्सिन बी१ तयार करते. गाईच्या यकृतात त्याला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडला जातो आणि झालेलं अफ्लाटॉक्सिन एम१ दिवसभरात दुधात उतरतं. पाश्चरीकरणाला ते दाद देत नाही. केसिन या दुधातल्या प्रथिनाला चिकटत असल्याने चीजमध्ये उलट जास्त साठतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण दहा लाख लिटर दुधात अर्धा ग्रॅम!

इतकं कमी विष दूध तपासायची कागदासारखी पट्टी कशी ओळखते? गर्भधारणेच्या चाचणीपट्टीत संप्रेरकाचं मोठं प्रथिन दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडलं जातं, म्हणून रेघ उमटते. एम१ चा रेणूभार जेमतेम ३२८. दोन प्रतिपिंडांनी एकाच वेळी धरावं एवढी जागाच त्याच्यावर नाही. म्हणून इथे स्पर्धा लावतात. पट्टीसोबतच्या कुपीतल्या सोन्याच्या सूक्ष्म कणांवर (ते लाल दिसतात) प्रतिपिंड बसवलेले असतात. चाचणीच्या रेघेवर एम१ आधीच प्रथिनाला जोडून चिकटवलेलं असतं. दूध शुद्ध असेल तर प्रतिपिंड मोकळे राहतात, रेघेवर अडकतात आणि ती लाल होते. दुधात विष असेल तर त्यांची जागा आधीच भरलेली असते. रेघ पुसट होते किंवा उमटतच नाही.

म्हणूनच बऱ्याच किटमध्ये सुमारे २०० मायक्रोलिटर दूध कुपीत मिसळून काही मिनिटं ठेवतात आणि पट्टी नंतर बुडवतात. विषाला आधी प्रतिपिंड गाठू द्यायचे असतात. घाईत ही मिनिटं वाचवली तर दूषित दूधही पास होऊ शकतं. साय घुसळून एकजीव न करता वरवरचं दूध घेतलं तर स्निग्धांश प्रवाह अडवतो. नासू लागलेल्या दुधाच्या गुठळ्याही तेच करतात. फ्रिजमधलं पाकीट लगेच फोडलं तर पट्टीवर दव धरतं. उशिरा वाचलं तर पुसट रेघ गडद दिसू शकते. नियंत्रण रेघ (पट्टी नीट चालली हे दाखवणारी दुसरी रेघ) आली नाही तर चाचणी बाद, नवी पट्टी घ्यायची.

फोनचा कॅमेरा लावला की पट्टीची प्रयोगशाळा होते, या जाहिरातींना भुलू नका. कॅमेरा फक्त रेघेची गडदता मोजतो, चुकीचा घेतलेला नमुना सुधारत नाही. नेमका आकडा हवा तर प्रयोगशाळेतलं एचपीएलसी यंत्रच.

चाचणीची रेघ गायब झाली तर आधी खाद्य बदला. दूषित खाद्य थांबल्यावर काही दिवसांत दुधातलं एम१ उतरतं. तोवर रोजच्या दुधाला नवी पट्टी.