निवासी संचालक म्हणजे स्वतंत्र संचालक नव्हे

संचालक मंडळात भारतात राहणारी एक व्यक्ती घेतली की कंपनीवरील देखरेखीची सोय झाली, असे अजूनही सर्रास गृहीत धरले जाते. निवासी संचालकाची अट बहुतेकांना ठाऊक असते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४९(३) नुसार प्रत्येक कंपनीत किमान एका संचालकाचे आर्थिक वर्षात भारतात एकूण किमान १८२ दिवस वास्तव्य हवे. पासपोर्ट कोणत्या देशाचा, हा प्रश्न तेथे येत नाही. पुण्यात राहणारा जर्मन नागरिक ही अट पूर्ण करतो. सिंगापूरला स्थायिक झालेला भारतीय करत नाही.

घोळ होतो तो यापुढे. त्या संचालकाने ताळेबंद वाचला का, प्रवर्तकाला, म्हणजे कंपनी उभारून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्याला, एखादा अडचणीचा प्रश्न विचारला का, याची नोंद दिवसांच्या या मोजणीत कुठेच नसते. परदेशी कंपनीच्या येथील उपकंपनीत ही जागा पुष्कळदा तिचा पगारी व्यवस्थापक किंवा एखादा स्थानिक सनदी लेखापाल भरतो. ठराव बाहेरून तयार होऊन येतात आणि तो सही करतो. याला देखरेख म्हणणे मला मान्य नाही.

निःपक्ष देखरेखीसाठी मंडळावर घेतल्या जाणाऱ्या स्वतंत्र संचालकाची कसोटी त्याच कलमाच्या उपकलम (६) मध्ये आहे आणि ती प्रामुख्याने नात्यांची आहे: तो प्रवर्तक किंवा प्रवर्तकाचा नातेवाईक नसावा, ठरावीक मर्यादेपलीकडे कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसावेत, मागील तीन वर्षांत तो तेथे नोकरीस नसावा. राहण्याचा पत्ता तेथे विचारलेलाच नाही. म्हणूनच प्रवर्तकाच्या शेजारच्या बंगल्यात राहणारा, त्याच क्लबात रोज भेटणारा गृहस्थही कागदोपत्री स्वतंत्र ठरू शकतो, आणि हजारो मैल दूर राहतो एवढ्यावरून कोणी निःपक्ष ठरत नाही.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण येथे नेमके लागू पडते. हैदराबादच्या या कंपनीच्या बिगर-कार्यकारी संचालकांत हार्वर्डचे प्राध्यापक होते, तसेच स्वतंत्र संचालकांत हैदराबादमधीलच नामांकित व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाताही होते. या मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमचे प्रवर्तक असलेल्या राजू कुटुंबाशी निगडित दोन मेटास कंपन्या विकत घेण्यास मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळल्यावर काही तासांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. दूरचे आणि जवळचे, दोन्ही संचालक असूनही हे लपून राहिले होते.

तरीही अंतराला किंमत मोजावी लागतेच. व्हिडिओद्वारे बैठकीस हजर राहणे कायद्याला मान्य आहे आणि माझाही त्याला आक्षेप नाही. परंतु पडद्यावर व्यवस्थापनाने निवडलेलेच आकडे येतात, गोदामात धूळ खात पडलेला न विकलेला माल किंवा ऐन पाळीत बंद असलेली यंत्रे दिसत नाहीत. त्यामुळे हिशेबांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाच्या लेखापरीक्षण समितीचा अध्यक्ष देशातच, पण प्रवर्तकाच्या शहराबाहेर राहणारा असावा आणि त्याने न कळवता कारखान्यात जावे, असे माझे ठाम मत आहे.

भागधारकांनी वार्षिक अहवालात संचालकांची शहरे पाहण्याआधी त्यांची बैठकांतील हजेरी आणि संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तकांचे नातेवाईक किंवा त्यांच्या इतर कंपन्या यांच्याशी, झालेल्या व्यवहारांची टीप वाचावी. मेटाससारखे व्यवहार तेथेच नोंदवलेले असतात.