आरटीपी वेगळा, एमटीपी वेगळा: सीए इंटरच्या दोन फुकट पीडीएफ आणि जुन्या मॉड्यूलचा हिशोब

सीए इंटर ही चार्टर्ड अकाउंटंटच्या अभ्यासक्रमातली मधली परीक्षा. तिच्या तयारीत इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआयच्या) वेबसाइटवरून दोन फायली हमखास उतरवल्या जातात. एकीचं नाव आरटीपी, दुसरीचं एमटीपी. दोन्ही फुकट, दोन्हींत प्रश्न, दोन्हींची उत्तरंही मिळतात आणि दोन्ही इन्स्टिट्यूटच्या अभ्यास विभागाच्या, म्हणजे बोर्ड ऑफ स्टडीजच्याच. मग शहादा असो की पाचोरा, झेरॉक्सच्या दुकानात मोबाइल पुढे करून ‘दोन्ही काढून द्या’ म्हटलं जातं आणि सगळं एकाच स्पायरलमध्ये बांधलं जातं. ‘हाई बी तेच शे ना?’ तर तेच नाही. पैसे वाचवून, म्हणजे सीनियरचे जुने मॉड्यूल (स्टडी मटेरियलची छापील पुस्तकं) आणि फुकटचे पीडीएफ यांवर परीक्षा द्यायची असेल, तर या दोघांतला फरक आधी कळायला हवा.

आरटीपी म्हणजे रिव्हिजन टेस्ट पेपर. नावात ‘टेस्ट पेपर’ आहे आणि घोळ तिथेच सुरू होतो. प्रत्यक्षात ती प्रश्नपत्रिका नसते. प्रत्येक अटेम्प्टसाठी, म्हणजे परीक्षेच्या प्रत्येक सत्रासाठी, साधारण दोन महिने आधी तो निघतो. कायदा आणि कराच्या विषयांत सुरुवातीलाच ‘या परीक्षेला काय लागू, काय नाही’ हे सांगितलेलं असतं. स्टडी मटेरियल छापल्यानंतर आलेल्या अधिसूचना, परिपत्रकं आणि दुरुस्त्या तिथे एकत्र मिळतात. त्यानंतर बऱ्याच धड्यांवरचे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं त्याच फायलीत पुढे असतात. एकूण शंभर गुणांचा आराखडा नाही, वेळेचं बंधन नाही. कॉस्टिंगसारख्या विषयात बदलांचा भाग नसल्यातच जमा, तिथे आरटीपी म्हणजे निव्वळ सरावाची गणितं.

एमटीपी म्हणजे मॉक टेस्ट पेपर. ही खरीखुरी प्रश्नपत्रिका. सिरीज १, सिरीज २ अशा क्रमाने परीक्षेआधीच्या दोन-अडीच महिन्यांत येते. पेपर १०० गुणांचा, वेळ ३ तास, रचना हुबेहूब परीक्षेसारखी. प्रश्नपत्रिका एका फायलीत आणि उत्तरं दुसऱ्या, नंतर टाकल्या जाणाऱ्या फायलीत. इन्स्टिट्यूटच्या शाखांमधूनही ही परीक्षा घेतली जाते. खान्देशात जळगाव आणि धुळे इथे शाखा आहेत, तेव्हा तारखा आणि जागा तिथेच विचाराव्यात. जमत नसेल तर तोच पेपर घरी उतरवून सोडवता येतो.

फाइलचं नाव कुणी बदलून पाठवलं असेल, तरी ओळखायला दहा सेकंद पुरतात. वर ‘सिरीज’ लिहिलंय, प्रश्नांपुढे गुण आहेत, ‘पहिला प्रश्न अनिवार्य’ अशी सूचना आहे? मग एमटीपी. सुरुवातीला दुरुस्त्यांची जंत्री, नाहीतर प्रश्नामागून प्रश्न आणि गुणांची बेरीज कुठेच लागत नाही? मग आरटीपी.

आता पैशांकडे. स्टडी मटेरियलचे पीडीएफ वेबसाइटवर फुकट आहेत, पण सहा पेपर मोबाइलवर वाचून डोळे जातात आणि सगळं छापायचं तर हजारो पानं होतात. म्हणून बहुतेक जण जुने मॉड्यूल घेतात. घ्यावेतच, पण कोणते ते विषयावर ठरतं.

सगळ्यात आधी स्कीम बघा. नवी योजना १ जुलै २०२३ पासून लागू झाली आणि मे २०२४ पासून तिच्यावर परीक्षा सुरू झाल्या. नव्या इंटरला ६ पेपर, जुन्या इंटरला ८. कुणी ‘आठ विषयांचा पूर्ण संच, स्वस्तात’ म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. त्यातला ‘एंटरप्राइज इन्फर्मेशन सिस्टिम्स’ आता इंटरला विषय म्हणून नाही, ‘इकॉनॉमिक्स फॉर फायनान्स’ गेलं आणि अकाउंटिंगचे दोन पेपर मिळून एकच ‘अॅडव्हान्स्ड अकाउंटिंग’ झाला. सीएची पहिली पायरी म्हणजे फाउंडेशन, तिच्या पुस्तकांचं मुखपृष्ठही बोलतं: पहिल्या पेपरवर ‘प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ अकाउंटिंग’ किंवा चौथ्यावर ‘बिझनेस अँड कमर्शियल नॉलेज’ असं दिसलं तर पुस्तक जुन्या योजनेचं. नव्यात त्यांची नावं नुसती ‘अकाउंटिंग’ आणि ‘बिझनेस इकॉनॉमिक्स’.

नव्या योजनेतलंच पुस्तक असेल, तर कॉस्टिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंट डोळे झाकून जुनं घ्या. केळीच्या वेफर्सच्या कारखान्याला वर्षाला ४०,००० किलो माल लागतो, एका ऑर्डरचा खर्च २०० रुपये, किलोमागे साठवणखर्च वर्षाला ४ रुपये. ऑर्डर किती किलोची असावी? दोन गुणिले ४०,००० गुणिले २००, भागिले ४, म्हणजे ४०,००,०००, आणि त्याचं वर्गमूळ २,००० किलो. हे उत्तर दहा वर्षांपूर्वी हेच होतं आणि पुढच्या अटेम्प्टलाही हेच राहील. पानाच्या कडेला सीनियरने पेन्सिलीने केलेल्या खुणा असतील तर उलट फायदाच.

टॅक्सचं अगदी उलटं. एक छोटी आकडेमोड बघा. नव्या कर प्रणालीतल्या निवासी व्यक्तीचं, सगळ्या वजावटी जाऊन, एकूण उत्पन्न १२,००,००० रुपये आहे. असेसमेंट इयर २०२५-२६ ला (म्हणजे २०२४-२५ मधल्या उत्पन्नावर) पहिले ३ लाख मुक्त, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या ३ लाखांवर १० टक्क्यांनी ३०,००० आणि शेवटच्या २ लाखांवर १५ टक्क्यांनी ३०,०००. झाले ८०,०००, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ८३,२०० रुपये. आता हेच असेसमेंट इयर २०२६-२७ ला: पहिले ४ लाख मुक्त, पुढच्या ४ लाखांवर २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर ४०,०००, एकूण ६०,०००. पण कलम ८७ए ची सूट ६०,००० पर्यंत आहे, म्हणून भरायचा कर शून्य. प्रश्न तोच, एक उत्तर ८३,२०० आणि दुसरं शून्य. जुन्या अटेम्प्टचा टॅक्सचा एमटीपी सोडवून उत्तरपत्रिकेशी ताडून बघणारा विद्यार्थी असा बरोबर असून स्वतःला चूक ठरवतो, किंवा चूक असून खूश होतो. त्यात १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झालाय. कलमं ५३६, क्रमांक बहुतेक नवे. तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू, हे बोर्ड ऑफ स्टडीजच्या ‘अॅप्लिकेबिलिटी’च्या सूचनेतच बघायचं, क्लासच्या ग्रुपवर नाही. आयकराचं जुनं पुस्तक निम्म्या किमतीतही महाग पडतं. खर्च करायचाच असेल तर या एका विषयावर करा.

जीएसटी मध्ये कुठेतरी बसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी गेले, पण गणितात दर सहसा प्रश्नातच दिलेला असतो. १२ टक्के लिहिलेल्या जुन्या गणितातून इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर) वळतं करायची रीत शिकता येते. मुदती, मर्यादा आणि सूट यांचे धडे मात्र ताजेच वाचा.

आणि इथेच आरटीपीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ‘मॉड्यूल जुनं असलं तरी चालतं, आरटीपीत सगळे बदल येतात.’ येत नाहीत. आरटीपीचा पूल तुमच्या अटेम्प्टला लागू असलेल्या आवृत्तीपासून पुढे बांधलेला असतो, तुमच्या कपाटातल्या आवृत्तीपासून नाही. छोट्या कंपनीची व्याख्या घ्या. १५ सप्टेंबर २०२२ पासून भरणा झालेल्या भांडवलाची मर्यादा ४ कोटी होती, १ डिसेंबर २०२५ पासून ती १० कोटी झाली. नव्या आवृत्तीत १० कोटी छापून आलं, की त्यानंतरच्या आरटीपीला ते पुन्हा सांगायचं कारण उरत नाही. ४ कोटीवालं मॉड्यूल वाचणारा मग परीक्षेत ४ कोटीच लिहितो आणि ‘आरटीपी तर पूर्ण केला होता’ म्हणून कपाळाला हात लावतो. उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे: मॉड्यूलच्या सुरुवातीच्या पानावरचा आवृत्तीचा महिना बघा, वेबसाइटवरच्या लागू आवृत्तीशी जुळवा. जुळत नसेल तर लॉ आणि टॅक्सचे धडे पीडीएफशेजारी ठेवून एकदा चाळा, बदललेले आकडे जुन्या पुस्तकातच लाल पेनाने दुरुस्त करा आणि मग आरटीपी उघडा.

एमटीपीचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेतलं जात नाही. तो काडेपेटीतल्या काडीसारखा असतो, एकदाच पेटतो. आरटीपी तीनदा वाचला तर तीनदा उपयोग होतो. एमटीपीचे प्रश्न मात्र एकदा नजरेखालून गेले की पुढच्या वेळी मिळालेले ७० गुण तयारीचे नसतात, आठवणीचे असतात. विकत मिळणाऱ्या ‘कंपायलर’ पुस्तकांत बऱ्याचदा हेच आरटीपी, एमटीपी आणि मागच्या परीक्षांचे प्रश्न धड्यांनुसार लावलेले असतात. लावून दिल्याचे पैसे द्यायला हरकत नाही, वेळ वाचतो. पण कंपायलर पूर्ण केलात तर त्यातले एमटीपी परीक्षा म्हणून संपले, हे ध्यानात ठेवा. निदान चालू अटेम्प्टच्या सिरीज कोऱ्या राहू द्या.

एमटीपी सोडवायचा कसा, तर दुपारी दोन ते पाच. खरी परीक्षा याच वेळात असते आणि १.४५ ते २.०० ही पंधरा मिनिटं वाचनाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे या तीन तासांत माणूस सावली शोधतो. सकाळी सहाला गारव्यात पेपर सोडवून आलेले गुण परीक्षेच्या दुपारी हातात येतीलच असं नाही. पंखा बंद पडला तरी घड्याळ थांबवू नका.

गुणांचं गणितही आधीच मांडा. १८० मिनिटांत १०० गुण म्हणजे गुणाला १.८ मिनिटं. इंटरला ३० गुण केस-सिनॅरिओवर (दिलेल्या प्रसंगावर) आधारित बहुपर्यायी प्रश्नांचे आणि ७० वर्णनात्मक. बहुतेक पेपरांत १४ गुणांचा एक प्रश्न अनिवार्य आणि उरलेल्या पाचांतले चार सोडवायचे. १४ गुणांना साधारण २५ मिनिटं येतात, पाच प्रश्नांना १२५, आणि हाती राहतात ५५ मिनिटं. बहुपर्यायी ४५ मिनिटांत संपवले तर तपासायला दहा उरतात. गाडी बहुधा पहिल्याच वर्णनात्मक प्रश्नावर अडते: तो परिपूर्ण लिहायच्या नादात ४० मिनिटं जातात आणि शेवटचा प्रश्न कोरा राहतो. बहुपर्यायीला इंटरमध्ये उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही सोडू नका. फाउंडेशनच्या तिसऱ्या-चौथ्या पेपरला मात्र चुकीच्या उत्तरामागे ०.२५ जातो, तिथे अंदाजपंचे धोक्याचं.

तपासताना स्वतःवर दया दाखवली जाते, म्हणून पेपर मित्राशी अदलाबदल करा. उत्तर बरोबर पण वर्किंग नोट नाही, लॉमध्ये निष्कर्ष आहे पण तरतूद नाही, अशा जागी सरळ गुण कापा. इन्स्टिट्यूटच्या उत्तराची मांडणी बघायची ती इथेच: आधी तरतूद, मग दिलेल्या प्रसंगाला ती कशी लागू होते, शेवटी निष्कर्ष. मराठी माध्यमातून आलेल्यांना एमटीपी असा लिहून सोडवण्यात दुहेरी फायदा आहे, कारण पेपर इंग्रजीत किंवा हिंदीतच लिहायचा असतो आणि इंग्रजी वाक्यं हातातून भराभर उतरायला वाचन पुरत नाही, लिहावं लागतं.

छपाईत काटकसर अशी: एमटीपीची फक्त प्रश्नपत्रिका छापा, उत्तरं स्क्रीनवर बघा. आरटीपीतल्या लॉ आणि टॅक्सच्या दुरुस्त्यांची पानं छापून पातळ स्पायरल करा, कारण ती परीक्षेच्या आदल्या रात्री हाताशी लागतात. बाकी प्रश्न लॅपटॉप किंवा मोबाइलवर चालतात. टेलिग्रामवरून आलेली फाइल छापायला देण्याआधी पहिल्या पानावरचा अटेम्प्टचा महिना आणि साल एकदा वाचा. ‘लेटेस्ट’ असं फाइलचं नाव असतं आणि आत जुन्या योजनेचा पेपर निघतो.

शेवटच्या दोन महिन्यांचा क्रम मग आपोआप लागतो. आरटीपी आल्यावर त्या आठवड्यात दुरुस्त्यांचा भाग वाचून त्या मॉड्यूलमध्ये नोंदवायच्या. त्यातले प्रश्न दुसऱ्या उजळणीसोबत, त्या त्या धड्याच्या शेवटी. एमटीपीची पहिली सिरीज पहिली उजळणी संपल्यावर, दुसरी परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी. पहिल्या सिरीजला ३५ आले तरी हातपाय गाळायचं कारण नाही; कुठल्या धड्यात गेले ते लिहून काढा आणि त्याच धड्यांचे आरटीपीतले प्रश्न आधी घ्या. मागच्या एक-दोन अटेम्प्टचे आरटीपीही कॉस्टिंग, फायनान्शियल मॅनेजमेंट आणि ऑडिटसाठी उतरवून ठेवा, तिथे ते शिळे होत नाहीत. ऑडिटपुरतं कुठलं स्टँडर्ड लागू आहे तेवढं ताज्या सूचनेशी ताडून घ्या.